मामाने पुसलेला पट्टा

माझा मामा पितळी भांडी, दाराच्या कड्या, बँडवाल्यांचे कर्णे, काय द्याल ते चकचकीत करून देतो. सगळे त्याला चकाकीमामा म्हणतात. वस्तूवर जुनेपणाचा मागमूस राहिला की त्याला चैन पडत नाही. भांड्यावर आजोबांचं नाव कोरलेलं असेल तर आधीच बजावावं लागतं, नाहीतर आजोबा गेलेच म्हणून समजा.

बाबा खोदकामाचं यंत्र चालवायचे. एकदा त्यांना मातीत हातभर लांब, टोकदार, गंजलेलं धूड सापडलं. मामाने ते फिरत्या चाकावर धरून आरशासारखं लख्ख केलं आणि आईला दिलं. आमच्या स्वयंपाकघराचं दार वाऱ्याने आपटायचं. त्याला ते टेकण म्हणून लागलं, ते बावीस वर्षं. बाबा गेले, टेकण राहिलं.

परवा सिलिंडर पोचवणारा माणूस आत आला आणि एकदम थबकला. त्याने सिलिंडर फुलासारखा अलगद खाली ठेवला.

"वहिनी, घरातले सगळे बाहेर चला. मी पलटणीत होतो. हा तोफेचा गोळा आहे."

दुपारपर्यंत गल्ली रिकामी झाली होती. बॉम्बनाशक पथकाचा साहेब गोळा पाहून आला आणि दोरीमागे उभ्या असलेल्या मामाकडे वळला.

"काका, तुम्ही घासलात ना हा? टोकावरचे ठसे गेलेत. अंगावर रंगाचा पट्टा असणार. पिवळा असेल तर भरलेला. निळा असेल तर सरावाचा, आत नुसती वाळू. निळा होता एवढं खात्रीने सांगितलंत तर माझी माणसं उचलून नेतील. नाहीतर आमची स्फोटकं लावून जागेवरच उडवावा लागेल."

आईने मामाचा हात धरला. त्या घराखेरीज तिच्याकडे काही नव्हतं. "दादा, आठव ना रे."

मामाने डोळे मिटले. ओठ हलले. निळा म्हणावं असं मलाही वाटत होतं, आणि त्याची मला लाज वाटत होती. गोळा उचलायला दोन तरुण पोरं हेल्मेट घालून तयार उभी होती. मामाने त्यांच्याकडे पाहिलं.

"पट्टा होता," तो म्हणाला. "रंग नाही आठवत. काढायच्या नादात मी तो बघितलाच नाही."

वाळूची पोती रचली, तरी स्वयंपाकघर गेलं, मधली भिंत गेली आणि छत खाली बसलं.

धूळ बसल्यावर साहेब एक फुटका तुकडा घेऊन आला. त्याच्या आतल्या बाजूला पिवळसर वाळू घट्ट चिकटली होती.

"सरावाचाच होता, काका."

"म्हणजे पट्टा निळा होता," मामा म्हणाला.

आईने पडलेल्या घरावरून नजर काढून त्याच्याकडे पाहिलं. "आता आठवतंय?"

मामाने तुकडा हातात घेऊन उलटला आणि बाहेरची लख्ख बाजू पाहिली.

"नाही गं," तो म्हणाला. "अजूनही नाही."