नेमानीची हिरवी जर्सी

सावुसावू या बेटावरच्या गावातल्या मोठ्या दुकानातून बाहेर पडायचं म्हणजे लेमेकीच्या समोरून जावं लागतं. दाराशी उंच स्टूल, स्टुलावर लेमेकी, त्याच्या हातात पेन. तुम्ही पावती दाखवायची, तो ती वाचतो, पिशवीत डोकावतो आणि पावतीवर रेघ मारतो. ही रेघ मारताना त्याच्या चेहऱ्यावर जी खंत असते, ती पाहून माणसाला वाटावं, आज आपण सुटलो खरे, पण उद्याचं काही सांगता येत नाही.

चौदा वर्षांच्या नोकरीत लेमेकीने एक चोर पकडला. तोही चोर नव्हता, साबणाची वडी खिशात ठेवून विसरलेला म्हातारा होता. पण चोर सापडत नाहीत याचा अर्थ ते नाहीत असा लेमेकी काढत नाही. चोर फार हुशार झालेत, असा काढतो. पाद्रीबाबांची पिशवीही तो उघडतो. स्वतःच्या बायकोची तर दोनदा.

"अरे, सकाळी तूच यादी लिहून दिलीस ना?" उलामिला दारात उभी राहून म्हणते.

"यादी माझी. पिशवी तुझी," लेमेकी म्हणतो आणि रेघ मारतो.

अशा माणसाने घरी काय करावं? तर गेम खेळावा. एक जुना रग्बीचा गेम आहे, सात-सात जणांचा. तो ज्या यंत्रावर चालायचा ते यंत्र खाऱ्या हवेने कधीच गंजलं. मग फोनदुरुस्तीवाल्या शलेनने लेमेकीच्या लॅपटॉपवर एक इम्युलेटर बसवून दिला, म्हणजे लॅपटॉपला त्या जुन्या यंत्राचं हुबेहूब सोंग घ्यायला लावणारा प्रोग्रॅम. त्यावर गेम पूर्वीसारखा पळू लागला. मग शलेननेच मॉडची गोडी लावली. मूळ गेमला हात लावायचा नाही, आपली फाइल वरून चढवायची, की मैदानाचं गवत बदलतं, चेंडू बदलतो, जर्सी बदलते. लेमेकीकडे असे एकेचाळीस मॉड झाले. कुठला मॉड कोणाकडून आला, कोणत्या तारखेला, कोणाच्या पेनड्राइव्हवरून, हे सगळं तो एका वहीत लिहितो. दुकानाच्या गेटवर असते तशीच वही. फक्त इथे आत येणारा प्रत्येक जण संशयित.

या एकेचाळीस मॉडांचा राजा एकच. त्याचं नाव 'नासोलेवू', लेमेकीच्या गावाचं. गावाचा जुना संघ त्याने त्यात उभा केला होता, निळ्या-पांढऱ्या जर्सीत. आणि त्या संघातला सात नंबर म्हणजे नेमानी, लेमेकीचा थोरला भाऊ. पंधरा वर्षांपूर्वी तापाने गेला तो. त्याचा धावतानाचा एकही व्हिडिओ कोणाकडे नाही. चेहरा चर्चच्या एका फोटोवरून घेतलेला, आणि त्या फोटोत नेमानीच्या डोळ्यांवर ऊन होतं. त्यामुळे गेममधला नेमानी भर पावसातही डोळे बारीक करून धावतो. पण धावतो मात्र तसाच, डाव्या खांद्यावर जरा कलून. तो कल जमवायला लेमेकीचे चार महिने गेले.

नेमानीची मुलगी वासिती तेव्हा दोन वर्षांची होती. ती आईबरोबर सुवाला आजोळी वाढली. गेल्या आठवड्यात तिचा फोन आला. "धाकटे बाबा, शनिवारच्या बोटीने येतेय. आई म्हणाली, तुमच्याकडे माझे बाबा पळतात. दाखवाल?"

लेमेकी "हो" म्हणाला आणि त्याने वहीत शनिवारची तारीख लिहून ठेवली.

सोमवारी दुपारी ड्यूटीवरून आल्यावर त्याने बऱ्याच आठवड्यांनी गेम लावला. नासोलेवू विरुद्ध वुनिबोकोई. वुनिबोकोई म्हणजे त्याच्या आईचं माहेर; समोर खेळायला तो संघही त्याने त्याच मॉडमध्ये ठेवला होता. संघ मैदानात उतरले. निळ्या-पांढऱ्या जर्सीतला सात नंबर कोणी एक टकला परदेशी माणूस होता, गेममध्ये मुळात असतो तसला. आणि समोरून, वुनिबोकोईच्या हिरव्या जर्सीत, डोळे बारीक करून, डाव्या खांद्यावर कलून नेमानी येत होता.

आल्या आल्या त्याने निळ्यांवर गुण चढवले.

लेमेकीच्या मनात पाल चुकचुकली. पाल कसली, पालींचं अख्खं खानदान.

त्याने वही काढली. एकेचाळीस नोंदी, एकेचाळीस मॉड. नवा कोणी आत शिरलेला नव्हता. मग यादी पाहिली. 'नासोलेवू' सगळ्यात वर होता, त्यानेच बसवला होता. घरात वरच्या अंगाला सरदार बसतो, दाराकडच्या खालच्या अंगाला सोम्यागोम्या. वरचा बोलतो, खालचे ऐकतात. गवत, चेंडू, पाऊस, चिखल हे सगळे लेमेकीने दाराशी बसवले होते. दाराशी बसलेला चिखल सरदाराला उलट बोलेल, ही शक्यता त्याच्या डोक्यातही आली नाही. तेव्हा खालचे तपासण्यात अर्थ नव्हता. बिघाड सरदाराच्याच पोटात. आणि सरदाराच्या पोटात हात घालू शकणारा माणूस एकच. दोन आठवड्यांपूर्वी लॅपटॉपचा पंखा साफ करायला शलेनकडे दिला होता.

"शलेन कशाला करेल असं?" उलामिला कसाव्याचे कंद सोलत म्हणाली.

"तेच तर शोधायचंय. कारण लपवलंय म्हणजे नक्की काहीतरी मोठं आहे."

"आणि कारणच नसलं तर?"

"तर फारच खोल लपवलंय."

त्याने जपून ठेवलेल्या प्रतीवरून 'नासोलेवू' पुन्हा कोरा चढवला. नेमानी हिरवाच. मंगळवारी पुन्हा. बुधवारी पुन्हा. नेमानी हिरवा, आणि गुण चढवायचा थांबेना.

बुधवारी दुपारी शलेन दुकानात आला होता, पीठ आणि माशांचे डबे घ्यायला. लेमेकीने पावती तीनदा वाचली, पीठ दाबून पाहिलं, डबे उलटे करून पाहिले.

"काय झालं दादा? मासा पोहून गेला की काय?" शलेन हसून म्हणाला.

"नेमानीला कुठे नेलंस?"

"कोणाला?"

"मी विचारतोय तोवर सांग. पंख्याच्या नावाखाली माझ्या फायलीत हात घातलास. माझ्या मेलेल्या भावाला दुसऱ्या गावाची जर्सी घातलीस."

मागे रांग थांबली होती. शलेनचं हसू तसंच राहिलं आणि मग हळूहळू उतरलं. "दादा, तुमच्या भावाचा चेहरा जुळवायला मी सहा रविवार बसलो तुमच्याबरोबर," तो म्हणाला. "रेघ मारा पावतीवर, मला जाऊ द्या."

लेमेकीने रेघ मारली. चोराच्या मनात चांदणं असतं, रागावला म्हणजे हाच, असं त्याने स्वतःला समजावलं. पण संध्याकाळी जेवण गेलं नाही. संशय बरोबर निघाला की त्याला नेहमी भूक लागते.

शुक्रवारी दुपारी वुनिबोकोईची बस लेमेकीच्या घरासमोर थांबली आणि तिच्यातून दालोच्या कंदांचं पोतं खांद्यावर घेऊन एरोनी उतरला. एरोनी लेमेकीच्या मामाचा मुलगा, म्हणजे त्याचा तावाले. तावालेला वाटेल ते बोलावं, त्याने वाटेल ते बोलावं, एकमेकांची वस्तू न विचारता उचलावी, आणि रागावायचा हक्क कोणालाच नाही. गेल्या महिन्यात एरोनीने लॅपटॉप असाच सिनेमा बघायला नेला होता आणि आठवड्याने आणून दिला होता. ही नोंद वहीत नव्हती. तावालेची नोंद कोण करतो?

"बुला, गुरख्या!" एरोनीने ओरडून रामराम घातला. "पोत्याची पावती नाही. आता काय करतोस? अटक?"

"चल आत, ढेरपोट्या. माझ्या घरी आग लागलीय आणि तुला दालो सुचतायत." लेमेकीने त्याला लॅपटॉपपुढे बसवलं. "बघ. बघ हे काय करून ठेवलंय शलेनने."

एरोनीने पाहिलं आणि मांडीवर थाप मारली. "आला की! मला वाटलं होतं दिसणारच नाही."

"काय दिसणार नाही?"

"मीच केलं ना. आमच्या गावाचा संघ नव्याने बनवला आणि नेमानीला घातला त्यात. तुझ्या त्या चिखलाच्या फोल्डरात ठेवला, अगदी शेवटी, दाराशी. पाहुण्यासारखा. म्हटलं, सरदार वर बसलाय, आमचा कोपऱ्यात राहील बिचारा, कधीतरी तुला सापडेल आणि तू शिव्या घालशील. तो सरदाराला उठवेल हे मला काय माहीत?"

लेमेकीचा आवाज चढला नाही. तावालेवर चढवता येत नाही. पण तो गेटवरच्या स्वरात म्हणाला, "नेमानी आमचा. तुमची जर्सी त्याने कधी घातली नाही. पावती दाखव."

एरोनीने पोत्यात हात घातला. दालोच्या खालून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला फोटो काढला. "वासितीसाठी आणला होता. घे."

फोटोत सात जण होते, हिरव्या जर्सीत, गुडघ्यापर्यंत चिखल. टोकाला नेमानी. इथेही डोळे बारीक केलेले, पण या वेळी हसून.

"त्या वर्षी आमचा एक माणूस कमी पडला," एरोनी म्हणाला. "नेमानी होडीने आला. म्हणाला, मी या गावचा भाचा आहे, वासू आहे, इथलं काहीही उचलायचा माझा हक्क आहे, आज एक जर्सी उचलतो. जिंकलो आम्ही."

लेमेकी फोटोकडे बघत राहिला. उलामिलाने चूल बारीक केली.

"मला कधी बोलला नाही तो."

"तुला?" एरोनीने नेहमीप्रमाणे टोमणा मारायला तोंड उघडलं, पण आवाज निम्म्यावर आला. "तू लहानपणापासून दारातच बसलेला, लेमेकी. कुठे होतास, कोणाबरोबर होतास, पायाला चिखल कसला. तो म्हणायचा, धाकट्याला सांगितलं तर तो दोन्ही गावांचा पंच होईल."

"ईसा," उलामिला हळूच हळहळली.

 आता काम सोपं होतं. चिखलाचा फोल्डर काढला की नेमानी निळा. पण मग वासितीला फोटोतला हिरवा नेमानी दिसणार नव्हता. आणि ठेवला, तर निळ्यांत टकला परदेशी. त्या गेममध्ये एका माणसाला संघ एकच. यातून वाट काढू शकणारा माणूस सावुसावूत एकच होता, आणि त्याच्या माशांचे डबे लेमेकीने भर रांगेत उलटे केले होते.

लॅपटॉप आणि वही काखेत मारून बाजार बंद व्हायच्या आत त्याने यांगोनाच्या मुळांची जुडी घेतली; इथे माफी मागायची ती हीच पुढे ठेवून. शलेनच्या दुकानात गिऱ्हाइकं होती. लेमेकी सरळ जमिनीवर मांडी घालून बसला, जुडी पुढे ठेवली आणि खाली बघत म्हणाला, "मी तुझ्यावर आळ घेतला. तो खोटा होता. रांगेसमोर घेतला, म्हणून इथे सगळ्यांसमोर बोलतोय. हे घे आणि मन मोकळं कर."

शलेनने स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवला. थोडा वेळ त्याने जुडीकडे पाहिलं. मग तोही काउंटरमागून येऊन खाली बसला, जुडीला हात लावला आणि माफी पोचली म्हणून तळव्याच्या खळग्याने टाळ्या वाजवल्या. "सेंगा ना लेंगा, दादा. झालं गेलं गंगेला," तो म्हणाला. "पण तपासून घेतो हं. मुळं वजनाला बरोबर आहेत ना?"

"पावती आहे," लेमेकी गंभीरपणे म्हणाला आणि खिशातून खरंच काढली.

मग शलेनने यादी उघडली आणि कपाळावर हात मारला. "दादा, नासोलेवू वर कशाला बसवलात?"

"मग सरदाराला काय दाराशी बसवू?"

"ही बैठक नाही, चटया आहेत. चटईवर चटई. प्रोग्रॅम वरून वाचायला लागतो, एकेक अंथरत जातो. सगळ्यात शेवटी अंथरलेली दिसते. तुमचा सरदार सगळ्यात तळाला गेलाय, त्याच्यावर सगळे पाय देऊन उभे आहेत."

लेमेकीने दोन वर्षांच्या सरदारकीचा विचार केला आणि वही काढली.

शलेनने नेमानीची दुसरी प्रत काढली, तिला वेगळा क्रमांक दिला, एक निळ्यांत ठेवली, एक हिरव्यांत. लेमेकीने वहीत बेचाळिसावी नोंद केली: 'वुनिबोकोई. आणणारा: एरोनी.' पुढे, कारणाच्या रकान्यात, बराच विचार करून लिहिलं, 'हक्काने.'

शनिवारी बोट तासभर उशिरा आली. वासिती उंच निघाली होती. ती धक्क्यावरून पुढे आली. ती डाव्या खांद्यावर जरा कलून चालत होती. तिची बॅग उचलताना त्याने सवयीने चेन चाचपली. उलामिलाने त्याला कोपर मारलं.

जेवण झालं, दालो संपले, एरोनीचे विनोद मात्र संपले नाहीत. मग दोन कंट्रोलर जोडले. वासितीने फोटो मांडीवर ठेवला, एकदा फोटोकडे पाहिलं, एकदा पडद्याकडे, आणि म्हणाली, "मी हिरवे घेते. यात ते हसतायत."

"गेममध्ये हसत नाही तो," लेमेकी म्हणाला.

"मला माहीत आहे ना, हसतायत ते."

संघ उतरले. निळा नेमानी, हिरवा नेमानी, दोघेही डोळे बारीक केलेले. वासितीला बटणं नीट ठाऊक नव्हती. तिचा नेमानी दोनदा मैदानाबाहेर पळाला, एकदा स्वतःच्याच माणसावर आदळला. एरोनी हसून हसून चटईवर आडवा झाला. मग एकदा चेंडू तिच्या हातात आला आणि ती सरळ पळत सुटली. समोर लेमेकीचा निळा नेमानी होता. अंतर दोन पावलांचं. खांदा कलला, हिरवा त्याच्या उजवीकडून निसटला आणि रेषेपलीकडे जाऊन पडला.

वासिती ओरडली नाही. कंट्रोलर छातीशी धरून बसली. "अजून एकदा," ती म्हणाली.

ते पाच सामने खेळले. पाचही हिरव्यांनी जिंकले. निळ्या नेमानीने हिरव्या नेमानीला एकदाही पाडलं नाही.

वासिती चहाला उठली, तेव्हा उलामिला नवऱ्याच्या शेजारी येऊन बसली. तिने त्याच्या तोंडाकडे निरखून पाहिलं, तो पावतीकडे पाहतो तसं.

"तू मुद्दाम हरलास."

"मी?" लेमेकी कंट्रोलरची वायर गुंडाळत म्हणाला. "पुरावा आहे काही?"