काटकुळ्याचा पुतळा

उलबोसिनचं डोकं पार उठलं होतं. गावच्या क्लबचा मॅनेजर तोक्तार सकाळपासून तिच्या चुलीशी ठाण मांडून बसला होता आणि तिचेच तळलेले बाउरसाक वडे हाणत तिला दुपारच्या पुतळ्याच्या अनावरणाचं भाषण शिकवत होता.

"आजी, म्हणा, 'जनरल येरगाबिल यांनी आपल्या डिव्हिजनसह नदी ओलांडली...'"

"नाव नाही घेणार."

"अहो, पुतळाच त्यांचा आहे!"

"असू दे. दीर आहे तो माझा. सासरच्या माणसाचं नाव आजवर तोंडातून काढलं नाही, तुझ्या माइकसाठी काढू होय?"

ती सून होऊन या घरी आली तेव्हा हा दीर म्हणजे नाक पुसायचंही भान नसलेलं पोर होतं. सुनांच्या रीतीप्रमाणे तिनं त्याला स्वतःच एक नाव ठेवलं, काटकुळ्या. त्याच्या उवा तिनं काढल्या, त्याला घोड्यावर तिनं बसवलं. सैनिकी शाळेला निघाला तेव्हा वाटेत खायला कुर्तची, वाळवलेल्या दह्याच्या गोळ्यांची, पिशवीही तिनंच बांधली. पुढं लढाईत चढत चढत तो जनरल झाला, शहरं घेतली, छातीवर पदकांना जागा उरली नाही. सगळं खरं. पण त्याचा थोरला भाऊ, म्हणजे तिचा नवरा, त्याच्याच हाताखाली लढताना पडला, आणि तेवढं सांगायला हा शूरवीर अजून तिच्या दारात आला नव्हता.

नवरा गेल्याचा सरकारी काळा कागद आला होता. कागदाला काय करायचंय? मरणाची बातमी घरच्या माणसानं समोर बसून तोंडानं सांगायची असते. मग बाई विलाप गाते आणि गेलेल्याला निरोप मिळतो. उलबोसिनचा विलाप गळ्यातच अडकून राहिला होता. जनरलसाहेब अधूनमधून गावी यायचे, शाळेत भाषण ठोकायचे, चेअरमनकडे जेवायचे आणि तिच्या घरावरून मोटार अशी पळवायचे, जणू आत तोफ लावून ठेवलीय. वैताग नुसता!

दुपारी पुतळ्यावरची चादर निघाली. मान चांगली जाडजूड केली होती, तेही तिला पटलं नाही. तोक्तारनं डोळ्यांनीच विनवत माइक पुढं केला.

"ए काटकुळ्या!"

लोक खो खो हसले. व्यासपीठावरचा पांढऱ्या केसांचा जनरल मात्र मास्तरांनी हाक मारल्यासारखा ताडकन उभा राहिला.

"नदी ओलांडलीस म्हणे. माझा उंबरठा तेवढा ओलांडवत नाही, काय रे? माझा माणूस कुठंय?"

हसू बंद झालं. चेअरमन माइक काढून घ्यायला धावला, तर जनरलनं त्याला हातानं बाजूला सारलं.

"वहिनी, येतो घरी. उद्या."

"उद्या नाही. आत्ता चल."

तो निघाला. सगळ्या गावादेखत, पदकं वाजवत, तिच्या मागून. घरात शिरताना त्यानं टोपी काढली आणि खाली सतरंजीवर बसला.

"वहिनी, दादा गेला. त्याला मागं ठेवता आलं असतं. मीच पुढं पाठवला."

"मेल्या, एवढं सांगायला म्हातारा झालास!" ती म्हणाली. मग भिंतीकडं तोंड करून बसली, विलापाच्या रीतीप्रमाणे दोन्ही हात कमरेवर ठेवले आणि इतकी वर्षं अडवून धरलेला सूर एकदाचा सोडला.