चंपावैनी बंदूक जमा करायला गेली

टॅक्सीवाल्याने विचारलं, "ताई, काय आहे ते लांब?"

चंपावैनी बोलली, "पडद्याचा रॉड."

तो बोलला, "वर बांधू का?"

"नको. मांडीवर राहू दे."

नवऱ्याची, रामजीदादाची दोननळी बंदूक मांडीवर आडवी, दांडा एका दाराला, नळ्यांचं टोक दुसऱ्या दाराला. पायाशी चकलीचा स्टीलचा डबा, आत काडतुसं. अशी आमची चंपावैनी भर दुपारी परळच्या नाक्यावरून पोलीस ठाण्यात निघाली. नवरा जाऊन आठवडा पण झाला नव्हता. घरात फोटोचा हार सुकला नव्हता. पुण्यानुमोदनाच्या जेवणाला माणसं यायची होती, त्यांच्यासाठी तांदूळ निवडायचे सोडून ही बाई बंदूक घेऊन निघाली.

कशाला निघाली ते सांगते.

सकाळी शेजारची नलूताई आली होती. बसली, रडली, मग हळूच बोलली, "चंपा, त्या बंदुकीचं काय केलंस? लायसन रामजीभावजींच्या नावावर. माणूस गेला की लायसन गेलं. आता ती घरात ठेवणं म्हणजे विनापरवाना हत्यार. माझ्या भाच्याच्या सासऱ्यांकडे असंच झालं होतं, पोरावर केस टाकली."

पोरावर. ते ऐकलं आणि वैनीच्या हातातलं सूप खाली. विकास तिचा एकुलता एक. फायर ब्रिगेडमध्ये सिलेक्ट झालेला. मैदानात पळून पळून पायाची नखं काळी केली त्याने. मेडिकल झाली, आता फक्त पोलीस व्हेरिफिकेशन बाकी. कुठल्याही दिवशी हवालदार घरी येणार आणि विचारणार, मुलावर काही गुन्हा आहे का, घरात काही भानगड आहे का. आणि कपाटाच्या मागे बंदूक.

वैनीने विकासला काही सांगितलं नाय. त्याला दादरला फुलं आणायला पाठवला आणि स्वतः बंदूक काढली. त्याचा हात पण लागू द्यायचा नव्हता तिला. जे काय होईल ते माझ्यावर होऊ दे, एवढंच डोक्यात.

आता रामजीदादा कोण होता ते पण ऐका, नायतर तुम्हाला वाटेल कोणी भाई होता.

रामजी गमरे. सतरा वर्ष फौजेत काढली. बर्फात राहिला, वाळवंटात राहिला. परत आला तेव्हा चाळीत सगळे त्याला सुभेदार बोलायचे, तो सुभेदार नव्हता तरी. पेन्शनवर घर भागेना म्हणून बंदुकीचं लायसन काढलं, स्वतःची बंदूक घेतली आणि दादरला एका सोन्याच्या पेढीवर गनमॅन म्हणून उभा राहिला. दारात स्टूल होतं पण बसायचा नाय. त्या बंदुकीतून आख्ख्या नोकरीत एक गोळी सुटली नाय. विचारलं तर बोलायचा, "सुटली नाय हीच माझी नोकरी."

बंदुकीला कव्हर पायजे होतं. बाजारातलं रेग्झिनचं त्याला पसंत नाय, आत घाम धरतं बोलायचा. एक दिवस वैनी माहेरी गेली होती, याने ट्रंक उघडली, सगळ्यात मऊ कापड शोधलं, कापलं आणि हाताने शिवून कव्हर केलं. फौजी माणूस, टाका असा बारीक. वैनी आली आणि बघते तर तिचं लग्नाचं पांढरं पातळ! बुद्धवंदनेला उभी राहिली होती त्यात ती, त्याच्या शेजारी. निळ्या काठाचं.

"अहो, अक्कल आहे का? लग्नाचं होतं ते!"

"मला काय माहीत? पिवळं पडलेलं दिसलं. मला वाटलं जुनं."

"जुनं तर मी पण झाले. मला पण कापा."

पंधरवडाभर बोलली नाय ती. मग एकदा बंदूक भिंतीला टेकवलेली बघून स्वतःच हसली. बोलली, माझी सवत माझंच पातळ नेसून उभी आहे.

असा माणूस. त्याला या नियमवाल्यांनी कसा रडवला बघा.

निवडणूक आली की हुकूम, हत्यारं जमा करा. आता गुंडाकडे जी आहे ती काय जमा होते का? ज्याच्याकडे लायसन आहे त्याचीच जमा होते. गनमॅन लोकांना सूट मिळते, पण तिचा अर्ज करा, मग साहेबांची कमिटी बसणार. रामजीदादाची सूट मंजूर झाली ती मतदान होऊन गेल्यावर! तोपर्यंत पेढीवाल्याने सांगितलं, "गमरे, बंदूक नाही तर गनमॅन कसले? काठी घेऊन उभे राहा, काठीचा पगार घ्या." उभा राहिला. फौजेतला माणूस काठी घेऊन उभा राहिला. आणि बंदूक परत मिळाली तेव्हा नळीला गंज. कोणी पुसायचं? ठाण्यात कोणाच्या बापाची होती ती? रात्रभर तेल लावत बसला. 

मग लायसन रिन्यू करायची वेळ आली. फी वाढलेली. बरं, ती भरली. तर खिडकीवरचा बोलतो, बंदूक हाताळता येते असं ट्रेनिंगचं सर्टिफिकेट आणा. रामजीदादाने फौजेचं डिस्चार्ज बुक पुढे केलं. खिडकीवरच्याने उघडलं पण नाय. "काका, ते फौजेचं. हे सिव्हिल. रेंजवरून आणा."

सतरा वर्ष ज्याने देशाची बंदूक उचलली त्याने दाखवायचं की त्याला बंदूक धरता येते!

गेला. खाडीपलीकडे एक खाजगी रेंज, बस बदलत बदलत. पहिल्यांदा गेला तर बोलले, मेंबर नसाल तर आठवड्याच्या मधल्या दिवशीच या. मधल्या दिवशी ड्युटी. खाडा केला, गेला. तर बोलले, तुमची काडतुसं चालणार नाहीत, आमच्याकडूनच घ्यायची. घेतली असती, पण मग रेंजवाल्याने त्याच्या पायाकडे बघितलं. पॉलिश केलेले काळे बूट, त्यात तोंड दिसेल. "हे चालत नाहीत. स्पोर्ट शूज कंपल्सरी. फी भरली आहे ना, पुढचा स्लॉट देतो." तिथे पोरं टी-शर्ट घालून मोबाईलवर फोटो काढत होती, ती चालतात. रामजी गमरेचे बूट चालत नाहीत.

तिकडे लायसनची तारीख संपत आलेली आणि इकडे पेढीवाला रोज विचारणार, झालं का, झालं का. दादाने लालबागच्या बाजारातून पांढरे स्पोर्ट शूज आणले. आयुष्यात कधी घातले नव्हते. आणले त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी गॅलरीत बसून पायाला होतात का बघत होता. वाकून नाडी बांधता बांधता तसाच पुढे गेला. वैनीला वाटलं काहीतरी पडलं म्हणून शोधतोय. ती आतून बोलली पण, "काय सांडलंत?" बाहेर आली तेव्हा काय सांडलं होतं ते तिला दिसलं. हॉस्पिटलात नेईपर्यंत संपलं सगळं. एका पायात बूट, एक पाय उघडा.

तर असं सगळं पोटात घेऊन वैनी ठाण्यात शिरली.

टेबलावर हवालदार होता, बाजूला पूर्वी नावाची एक लेडी कॉन्स्टेबल. हवालदाराने आधी डबा बघितला. "काय मावशी, चकली आणलीत?"

"उघडा आणि बघा."

उघडला आणि त्याची खुर्ची मागे सरकली. मग वैनीने कव्हरची नाडी सोडली. बंदूक बघून तो उभाच राहिला.

"ही कुठून आणलीत?"

"घरातून. माझ्या मालकांची. ते गेले. जमा करायला आणली."

"आणली कशी?"

"टॅक्सीने."

"टॅक्सीने?" तो ओरडलाच. "मावशी, तुमच्या नावावर लायसन आहे का? विनालायसन हत्यार घेऊन रस्त्यावरून आलात? गुन्हा आहे हा! आत टाकतील तुम्हाला!"

"घरात ठेवली तर?"

"तो पण गुन्हा."

"मग काय करायचं होतं? खिडकीतून फेकायची होती?"

पूर्वीने तोंडावर रुमाल धरला. हवालदार आत गेला आणि साहेबाला घेऊन आला. साहेब तरुण, मोबाईल कानाला. फोन न ठेवताच त्याने बंदूक बघितली. मग बोलला, "बाई, आमच्याकडे ठेवायला जागा नाही. मुद्देमालाची खोली भरली आहे. असं करा, बंदुकीच्या डीलरकडे जा, तो फी घेऊन ठेवतो. त्याचं पत्र घेऊन या, मग आपण नोंद करू. आत्ता घरी घेऊन जा."

"घरी?"

"हो."

"पण आत्ता तर हे बोलले रस्त्यावरून नेणं गुन्हा आहे."

"आता आणलीतच ना? तशीच न्या."

वैनी खाली बाकावर बसली.  तेवढ्यात पिशवीत फोन वाजला. रामजीदादाचा फोन तिच्याकडेच होता. पलीकडे गोड आवाजाची पोरगी.

"रामजी सर आहेत का? उद्या सरांचा रेंजवर स्लॉट आहे. स्पोर्ट शूज घालून यायला सांगा हं."

"सर गेले."

"कुठे गेले?"

"वारले, बाळा."

पोरगी बोलली, "ओह, सॉरी मॅडम. पण फी रिफंड होत नाही. फॅमिली मेंबरच्या नावावर स्लॉट ट्रान्सफर करता येईल, त्याचे वेगळे चार्जेस आहेत."

"बूट आहेत माझ्याकडे," वैनी बोलली. "नवे आहेत. ते ट्रान्सफर करून घेता का?"

फोन कट झाला. वैनी बाकावरून उठली. तिच्या डोक्यात अशी तिडीक गेली की तिला स्वतःलाच भीती वाटली.

हवालदार वाईट माणूस नव्हता. तो जवळ आला, हळू आवाजात बोलला, "मावशी, मी मार्ग काढतो. साहेब पण ऐकतील. आपण लिहू, बेवारस मिळाली. कचराकुंडीपाशी एका बाईंना दिसली, त्यांनी आणून दिली. लायसन नाही, डीलर नाही, तुमचं नाव नाही. तुम्ही सुटलात, तुमचा मुलगा सुटला."

मुलगा सुटला.  वैनीला तेच तर पायजे होतं. हो बोलायला तोंड उघडलं पण होतं तिने. मग तिची नजर टेबलावर गेली. हवालदाराने बंदूक उघडी ठेवली होती, आणि पांढरं कव्हर चुरगाळून चहाच्या कपाखाली. कपाचा गोल डाग पातळावर.

तिने कप उचलून बाजूला ठेवला.

"बेवारस कशाला? वारस समोर उभी आहे."

"अहो, लिहायला नुसतं."

"नुसतं? तुमच्या रजिस्टरात आधीच लिहिलेलं आहे ना, रामजी गमरेकडे बंदूक आहे? मग उद्या तुमच्यातलाच कोणतरी येईल माझ्या घरी. बोलेल, गमरेची बंदूक दाखवा. मी काय दाखवू? कचराकुंडी? तेव्हा कोणाला धराल? माझ्या विकासला धराल. आणि माझ्या नवऱ्याची बंदूक कचऱ्यात? सतरा वर्ष फौजेत होता तो. तुमच्याच निवडणुकीला गपचूप आणून देत होता आणि गंजलेली गपचूप परत नेत होता. त्याची बंदूक कचऱ्यात?"

साहेबाने फोन खाली केला. "बाई, आवाज कमी करा."

"आवाज पण लायसनवर आहे का, साहेब? मी नाय जाणार. तुम्हीच बोललात ना, ही घेऊन रस्त्यावर पाऊल टाकलं की गुन्हा. मी गुन्हा नाय करणार. मी इथेच बसते. माझ्यावर केस टाकायची तर टाका, पण त्यात लिहा की रामजी गमरेच्या बायकोने रामजी गमरेची बंदूक आणली. नंबर लिहा. नाव लिहा. तोपर्यंत माझ्या घरी जेवायला येणाऱ्या माणसांना मी इकडेच बोलावते."

आणि खरंच फोन काढून तिने नलूताईला लावला. "नलू, तांदूळ भिजत घालू नको. सगळ्यांना घेऊन ठाण्यात ये."

साहेब हवालदाराकडे बघतो, हवालदार पंख्याकडे बघतो. शेवटी पूर्वीच बोलली, "सर, कायद्यात आहे ना, लायसनदार मयत झाला तर वारसाने जमा करायची. खोलीत माळ्यावर जागा आहे, मी ठेवते."

जागा होती! सगळा वेळ माळ्यावर जागा होती!

लिहिलं मग. नंबर, नाव, मयत लायसनदार रामजी गमरे, जमा करणार पत्नी. काडतुसं मोजून घेतली, हवालदाराने सही करून पावती दिली, तेव्हा वैनीने नलूताईला फोन केला, राहू दे, येऊ नको. वैनीने नळ्या एकदा हाताने पुसल्या, दादा पुसायचा तशा, आणि बंदूक पूर्वीच्या हातात दिली. कव्हर मात्र खांद्यावर टाकलं.

साहेब बोलला, "ते पण जमा करा."

"हे लायसनवर नाय," वैनी बोलली. "हे माझं लग्नाचं पातळ आहे."

घरी आली तर विकास दारात. "आई, एकटी गेलीस? मला का नाय सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर तू आला असतास," एवढंच बोलली आणि तांदूळ निवडायला बसली.

पुढे व्हेरिफिकेशनला हवालदार आला तो नेमका तोच. खुर्चीत बसला, भिंतीवर दादाचा फोटो बघितला आणि कागदावर मान घालून विचारलं, "घरात हत्यार वगैरे?"

वैनीने पावती त्याच्यासमोर ठेवली. त्याचीच सही होती. त्याने वाचली, परत दिली, विकासच्या कागदावर काही खराब लिहिलं नाय. उठताना एकदा स्वयंपाकघराकडे बघितलं.

आमच्या वैनीच्या दारातून टपालवाला पण चहा घेतल्याशिवाय गेला नाय कधी. त्या दिवशी तिने हवालदाराला पाणी दिलं. चहा विचारला नाय.