हसऱ्या तोंडावर ठेवलेले बोट

चंद्रावतीबाई यांची व प्रस्तुत लेखिकेची ओळख प्रौढ साक्षरता वर्गात झाली. वर्ग देवळाच्या सभामंडपात भरतो आणि दोघींची चटई एकच होती. पहिल्या दिवशी गुरुजींनी सर्वांना आपापले नाव गिरवण्यास सांगितले. चंद्रावतीबाईंनी नाव बाजूला ठेवले व ‘असमाधानी’ हा शब्द पाटीवर काढून मागितला. एवढा लांब शब्द कशासाठी, असे गुरुजींनी विचारले, तेव्हा त्यांनी पाटीच पुढे केली. त्यामागची हकीकत त्यांनी पुढे हळूहळू सांगितली, ती येथे लिहिली आहे. त्यांच्या वाड्याचे, म्हणजे वस्तीचे, नाव लिहिणे उचित वाटत नाही. तो गोव्यातील पेडणे तालुक्यात, मोपाच्या पठाराखाली आहे, एवढे पुरे.

चंद्रावतीबाईंचे यजमान शांताराम हे तुये येथील कारखान्यात कामाला होते. निवृत्तीनंतर त्यांची मूत्रपिंडे निकामी झाली व आठवड्यातून दोन वेळा इस्पितळात डायलिसिससाठी जावे लागे. सकाळी सातची बस वाड्यावरच थांबत असे, तोवर सर्व सुरळीत चालले. मग वर नवा रुंद रस्ता झाला आणि बस तिकडूनच जाऊ लागली. धडधाकट माणसाला ती चढण वीस मिनिटांची; शांताराम यांना पाऊण तास लागे. शेजारचे नारायण यांची कामाची पाळी दुपारची असली, तर ते स्कूटरवरून सोडत. एरवी पायी जाणे आले. बस परत मिळावी म्हणून वाड्याने अर्ज केला होता.

मार्गशीर्ष महिन्यात पल्लवी नावाची मुलगी सरकारी पाहणीसाठी आली. पाणी, वीज, कचरा, बस या सेवा लोकांना कशा वाटतात, हे ती घरोघर विचारत होती.

“गो बाय, आदी पाणी घे. उनातसून इलंस,” असे म्हणून चंद्रावतीबाईंनी गुळाचा खडा व पाण्याचा तांब्या पुढे केला.

पल्लवीने पाणी पिऊन हातातील यंत्र पुढे धरले. त्यावर पाच तोंडे काढलेली होती. पहिले हसरे, शेवटचे रडके.

“मावशी, वाचूंक येना तरी चलता. बस कशी वाटता? एका तोंडार बोट लावा.”

सोप्यावरून शांताराम म्हणाले, “अगो, बसच खंय आसा, ती कशी वाटतली?”

“तुमी गप रवा. पावण्यापुढे उणांदुणां कित्याक?”

दारी आलेल्या माणसाने “कशी आसा?” म्हटले की “बरी आसा” म्हणावे, घरचे रडगाणे अंगणाबाहेर जाऊ देऊ नये, हे चंद्रावतीबाई आईकडून शिकल्या होत्या. गूळपाणी घेतलेल्या मुलीला रडके तोंड दाखवणे त्यांच्या हातून होणे नव्हते. त्यांनी हसऱ्या तोंडावर बोट ठेवले. पाण्याच्या व विजेच्या प्रश्नालाही तेच.

“झाला!” शांताराम म्हणाले. “आता आमी सुखी.”

माघात ग्रामसभेत अर्जाचे उत्तर वाचण्यात आले. पाहणीनुसार या वाड्यावरील सर्व घरे बससेवेबाबत समाधानी आहेत, सबब बदलाची आवश्यकता दिसत नाही.

“कोणी कोणी हसऱ्या तोंडार बोट लायलां?” नारायण यांनी मागे वळून विचारले.

बायका एकमेकींकडे पाहू लागल्या. शेवटी एक म्हातारी म्हणाली, “माका कित्याक बघतंस? तुज्या बायलेन तर तिका लाडू दिल्यान!”

लोक हसले, पण हसू टिकले नाही. प्रत्येक घराने तेच केले होते. चंद्रावतीबाई हसल्या नाहीत. त्यांनी उजवा हात पदराखाली घेतला.

त्यानंतर शांताराम “आज नाका, पुढच्या खेपेक जावया” असे म्हणू लागले. त्यांच्या पायांवर सूज चढली. चंद्रावतीबाईंनी विनवले, रागे भरल्या, एकदा हात धरून अर्ध्या चढणीपर्यंत नेले. तेथे शांताराम दगडावर टेकले. वरून बस गेल्याचा आवाज दोघांनी ऐकला.

“गेली,” ते म्हणाले. “चल, घरा जावया.”

शिगमोत्सवास आठवडा उरला असता एका सकाळी त्यांना श्वास पुरेना. नारायण यांनी कोणाची तरी गाडी आणली. इस्पितळाच्या दारातच डॉक्टरांनी तपासले व मान हलवली. मग त्यांनी विचारले, “मागच्या खेपांना का आला नाहीत?” चंद्रावतीबाईंनी उजवा हात पुन्हा पदराखाली घेतला.

दोष एका बोटाचा नव्हे, चढणीखाली म्हातारी माणसे राहतात हे पाहणीवाचूनही दिसते, असे वर्गातील सर्वांनी त्यांना समजावले. त्यांनी ते ऐकून घेतले, मानले नाही. ‘असमाधानी’ हा शब्द मात्र त्या महिनाभरात न अडखळता लिहू लागल्या आणि वाड्याचा नवा अर्ज त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिला. त्यास पंधरा दिवस लागले.

“आता तुका बस कित्याक होयी?” असे कोणीतरी त्यांना तोंडावर विचारले.

“माका नाका. वाड्याक होयी,” त्या म्हणाल्या.

त्या दिवशी वर्ग सुटल्यावर त्या चटई गुंडाळत थांबल्या, आणि प्रस्तुत लेखिकेस म्हणाल्या, “आयतवारी ग्रामसभा आसा. मी उबी रवान सगळां सांगतलंय. तू माज्या बाजूक बस.”