सरासरी वाढल्याचे पेढे

माझ्या मुलाच्या मोटरसायकलला ब्रेक नाहीत, हे सासूबाईंना आम्ही कधीच सांगितलं नाही. त्या पुण्यात असतात, आम्ही स्टुटगार्टजवळ गेर्लिंगेनला. नातू इंग्लंडमध्ये मोटरसायकलच्या शर्यतीत धावतो, एवढं त्यांना ठाऊक होतं. दर फोनवर त्यांचा प्रश्न एकच असायचा, "पहिला आला का गं?"

या खेळाला स्पीडवे म्हणतात. लंबगोल मैदान, त्यावर ठेचलेल्या दगडाचा भुसभुशीत चुरा, एका वेळी चार गाड्या आणि चार फेऱ्या. मिनिटभरात सगळं संपतं. गाडीला गिअर एकच. वळणावर मागचं चाक मुद्दाम घसरवायचं, पोलादी पत्रा लावलेला डावा बूट जमिनीला टेकवायचा आणि अख्खं वळण आडवं होऊन काढायचं. पहिल्याला तीन गुण, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला एक, शेवटच्याला काही नाही. मला हा खेळ आवडला नाही आणि आजही आवडत नाही.

नवरा मेकॅनिकल इंजिनिअर. मुलगा प्राथमिक शाळेत असताना एका सहकाऱ्याने आम्हाला रविवारी त्याच्या गावच्या क्लबच्या मैदानावर नेलं होतं. मी चिखल बघितला, नवऱ्याने इंजिन बघितलं, मुलाने त्याच्याच वयाची पोरं छोट्या गाड्यांवर बसलेली बघितली. पुढचं वर्षभर घरात वाद झाले. मी हरले. हरल्यावर रुसून बसायला मला वेळ नव्हता. हॉस्पिटलच्या लॅबमधली नोकरी सांभाळून मी चामड्याचे सूट धुतले, विम्याचे कागद भरले, फ्रीझरमध्ये मटारच्या पिशव्या ठेवल्या, सुजेवर लावायला. त्या मटारची उसळ आमच्याकडे कधीच झाली नाही.

जर्मनीत या खेळाची लीग लहान. शर्यती थोड्या, त्यावर पोट भरत नाही. पोट भरायचं तर इंग्लंड नाहीतर पोलंड. मुलाने आबिटूर, म्हणजे इथली बारावी, कसंबसं पूर्ण केलं, आउसबिल्डुंग, म्हणजे नोकरी करत शिकायचं प्रशिक्षण, घेतलं नाही, युनिव्हर्सिटीचं नाव काढलं नाही. मग इंग्लंडच्या खालच्या लीगमधल्या एका क्लबने त्याला टीममध्ये घेतलं. सातजणांत सातवा. व्हिसाही क्लबच्या कागदावर. टीम आहे तोवर इंग्लंड आहे. दुसरं काही हातात नव्हतंच, त्यामुळे सगळी मदार त्या सातव्या जागेवर.

मार्चमध्ये तो गेला आणि नवऱ्याने काम सुरू केलं. दर शनिवारी सकाळी चहाचा कप घेऊन तो लॅपटॉपवर शर्यतींचे व्हिडिओ बघत बसे. थांबव, मागे घे, परत बघ. मग फोन.

"क्लच सोडताना तुझा खांदा वर जातोय."

"जा, बाबा."

"जा काय जा. खांदा वर गेला की पुढचं चाक उचलतं. पहिल्या वळणाला तू अर्धी गाडी मागे असतोस."

"गेनाऊ, बाबा."

मुलाला मराठी सगळं कळतं. उत्तर जर्मनमध्ये येतं: 'जा' म्हणजे हो, 'गेनाऊ' म्हणजे बरोबर.

पण खांदा खाली आला. मे महिन्यात तो तिसरा येण्याऐवजी दुसरा यायला लागला, जूनमध्ये मधूनमधून पहिला. क्लब दर सामन्यानंतर प्रत्येकाची सरासरी काढतो. एका सामन्यात खेळाडू साधारण किती गुण मिळवतो, त्याचा तो आकडा. नवऱ्याने एक्सेलमध्ये त्याचा आलेख काढला, छापला आणि फ्रिजवर लोहचुंबकाने लावला. रेघ चढत होती. दर सोमवारी जुना कागद काढून नवा लागायचा. मलाही त्यात काही गैर वाटलं नाही. आम्ही दोघंही मार्कांवरच इथवर आलेलो. दहावीचे मार्क, बारावीचे मार्क, फर्स्ट क्लास विथ डिस्टिंक्शन. आकडा वर गेला की जागा पक्की, याच्यापलीकडे आम्हाला जगाचं काही कळत नव्हतं. सासूबाई फोनवर म्हणायच्या, "बापावर गेलाय. सुरुवातीला ढ, मग पुढे निघतो." नवरा ऐकून खूश व्हायचा. 'ढ' त्याला ऐकूच जायचं नाही.

ऑगस्टमध्ये आम्ही दोघं इंग्लंडला गेलो. एका कारखान्यामागे मैदान, पत्र्याच्या शेडमध्ये गाड्या, रिपरिप पाऊस. मुलगा त्या दिवशी दोनदा जिंकला. सामना संपल्यावर मॅनेजर आला, छत्रीखाली, चेहरा लालभडक. नवऱ्याचा हात धरून गदागदा हलवला आणि म्हणाला, "तुमचा पोरगा फार चांगला चालवायला लागलाय, दोस्त. त्याला म्हणावं जरा कमी जिंक, नाहीतर पुढच्या वर्षी माझ्या टीममध्ये मावायचा नाही!"

नवरा मनापासून हसला. त्याला ते कौतुक वाटलं. मी मुलाकडे बघितलं. तो खाली बसून चाकाचा चिखल खरवडत होता आणि हसत नव्हता.

नवरा मॅनेजरबरोबर इंजिन बघायला गेला, तेव्हा मी विचारलं, "मावायचा नाही म्हणजे काय?"

"आल्झो, म्हणजे असं बघ, आई," तो मान वर न करता म्हणाला. "सातजणांच्या सरासरीची बेरीज करतात. त्या बेरजेला वरून मर्यादा असते, म्हणजे एकच क्लब सगळे चांगले लोक गोळा करणार नाही. मी आलो तेव्हा माझा आकडा लहान होता. म्हणून शेवटच्या जागेत बसलो. आता तो मोठा झालाय."

"मग दुसऱ्या कुणाला तरी काढतील."

"कुणाला? कॅप्टनला? तो सगळ्यांना हरवतो. मी नाही हरवत. मी मधला आहे. खालच्या जागेला मोठा आणि वरच्या जागेला लहान. अशांना कोणी घेत नाही."

"हे तुला कधी कळलं?"

"पहिल्या दिवसापासून माहीत आहे. इथे सगळ्यांना माहीत असतं."

"आणि आम्हाला सांगितलं नाहीस?"

त्याने खरवडणी बाजूला ठेवली. "बाबा फ्रिजवर लावत होते ना," तो म्हणाला.

विमानतळावर मी नवऱ्याला सांगितलं. त्याने आधी मला वेड्यात काढलं. "अगं, असा नियम असूच शकत नाही. सुधारला म्हणून काढतात?" मग फोनवर नियमपुस्तक उघडलं. ते त्याने जानेवारीतच वाचलं होतं. कार्ब्युरेटर, सायलेन्सर, टायर, त्यातलं प्रत्येक माप त्याला पाठ होतं. टीम कशी बनवायची, ते प्रकरण त्याने सोडलं होतं, ते ऑफिसातल्या लोकांचं म्हणून. विमानाची घोषणा होईपर्यंत तो ते वाचत राहिला. 

घरी आल्यावर त्याने फ्रिजवरचा कागद काढला नाही, फक्त नवा लावायचं थांबवलं. संध्याकाळी लॅपटॉपवर तो त्या क्लबची पुढच्या वर्षीची टीम जुळवत बसे. याला काढून त्याला घेतलं तर, कॅप्टन सोडून गेला तर. जेवायला हाक मारली की उठताना म्हणायचा, "बसत नाही." दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मग त्याने लीगमधल्या बाकीच्या क्लबांच्या टीम जुळवून पाहिल्या. तिथेही बसत नव्हता.

सप्टेंबरमध्ये हंगामाचे थोडेच सामने उरले. एका शनिवारी नवऱ्याने व्हिडिओ न बघताच फोन लावला. मी भाजी निवडत होते. फोन स्पीकरवर होता.

"ऐक. या उरलेल्या सामन्यांत... तू समज तिसरा-चौथा आलास, तर सरासरी खाली येईल. मी हिशोब केलाय. शेवटच्या जागेत बसशील."



"बाबा, तुम्ही बोलताय हे?"

"मी फक्त शक्यता सांगतोय."

"चौथीत मला गणितात तीन नंबर मिळाला होता, तेव्हा तुम्ही दोन दिवस बोलला नव्हतात माझ्याशी." जर्मन शाळेत एक नंबर सर्वांत चांगला, तीन म्हणजे ठीकठाक. "आता म्हणताय मुद्दाम नापास हो?"

"नापास नाही रे. थोडं हळू."

"हळू?" तो हसला, पण ते हसणं मला आवडलं नाही. "बाबा, ब्रेक नाहीत. वळणात गॅस सोडला की गाडी सरळ होते आणि कुंपणात जाते. नाहीतर मागचा अंगावर येतो. हळू जाणारेच पडतात. तुम्ही इंजिनिअर आहात, तुम्हाला मी सांगू?"

नवऱ्याने माझ्याकडे बघितलं. मी मेथी निवडत राहिले. मी काय सांगणार होते? इतकी वर्षं मला हा खेळ सुटायला हवा होता. तो पडून सुटेल, कंटाळून सुटेल, अक्कल येऊन सुटेल, असं मी धरून चालले होते. चांगला खेळतो म्हणून सुटेल, हे माझ्या डोक्यात कधीच आलं नव्हतं. आणि हळू जा म्हणून मी त्याला कुंपणात पाठवणार नव्हते.

"नीट चालव," मी फोनकडे बघून म्हटलं. "बाकी नंतर बघू."

"एगाल," तो म्हणाला. काही फरक पडत नाही, असा त्याचा अर्थ. फोन बंद झाला.

शेवटचा सामना रविवारी दुपारी होता. आम्ही दोघं सोफ्यावर बसून तो ऑनलाइन बघितला. चित्र मधूनमधून अडकत होतं. पहिल्या शर्यतीत मुलगा जिंकला. दुसरीत दुसरा. तिसरीत तो सुरुवातीला शेवटचा होता, आणि नवरा पुटपुटला, "राहू दे, राहू दे तिथेच." मग मुलगा बाहेरच्या बाजूने, अगदी कुंपणाला घासून, एकेकाला मागे टाकत पुढे आला. इतकं चांगलं चालवताना मी त्याला कधी पाहिलं नव्हतं. खांदा खाली, गाडी आडवी, अंगावर कुणाचाच चिखल नाही. तो पहिला आला. समालोचक ओरडत होता. नवऱ्याने चष्मा काढून टीपॉयवर ठेवला आणि पुढची शर्यत चष्म्याशिवायच बघितली, म्हणजे बघितलीच नाही. तीही मुलगा जिंकला.

थोड्याच वेळात पुण्याहून फोन आला. "पहिला आला का गं?"

"हो, अहो आई. तीनदा आला."

"बघ! मी सांगत नव्हते? आता पेढे पाठवते आपल्या नेहमीच्या दुकानातले. त्याला बाहेरचे नको देऊस."

"नको, अहो आई, इतक्या लांब कशाला..."

"तू गप्प बस. नातू पहिला आलाय माझा."

ऑक्टोबरात मुलगा व्हॅन घेऊन परत आला. मोटरसायकल तळघरातल्या आमच्या खोलीत ठेवली. टाकीतलं इंधन मी त्याला आधी बाहेर काढायला लावलं, कारण इमारतीच्या नियमांप्रमाणे ते तळघरात ठेवता येत नाही. ऑक्टोबरात इथे सगळे लोक गाड्यांना हिवाळी टायर घालून घेतात, त्यामुळे टायरच्या दुकानाला माणसं लागतात. त्याला लगेच काम मिळालं. सकाळी सातला जायचा, संध्याकाळी काळे हात घेऊन यायचा, जेवून भिंतीकडे तोंड करून झोपायचा. त्याच्या क्लबने नोव्हेंबरमध्ये सात नावं जाहीर केली. त्यांत तो नव्हता. मॅनेजरने फोन करून वाईट वाटल्याचं सांगितलं, आणि त्याला खरंच वाईट वाटलं असणार. दुसऱ्या दोन क्लबांनी तेच सांगितलं. पोलंडमधून उत्तरच आलं नाही. एकाच क्लबचा निरोप यायचा उरला होता.

डिसेंबरच्या सुरुवातीला त्सोल, म्हणजे कस्टम्सची चिठ्ठी आली. भारतातून खोकं आलंय, येऊन उघडून दाखवा. मी जेवणाच्या सुट्टीत गेले. काउंटरवरच्या बाईंनी मला कात्री दिली. आत वर्तमानपत्रात गुंडाळलेला पेढ्यांचा डबा, त्यावर सासूबाईंच्या हाताने कुंकवाचं बोट.

"हे कशाचं आहे?"

"दूध आणि साखर."

"दुधाचे पदार्थ बाहेरच्या देशातून पोस्टाने आणता येत नाहीत," त्या म्हणाल्या. आवाज वाईट नव्हता. "मला ते नष्ट करावे लागतील. काही सण होता का?"

"नाही. मुलगा पहिला आला, म्हणून आजीने पाठवलेत."

"अरे वा! अभिनंदन," असं म्हणून त्यांनी डबा काउंटरखालच्या निळ्या पेटीत टाकला आणि मला सही करायला लावली.

बाहेर येऊन ट्रामची वाट बघत होते, तेव्हा मुलाचा मेसेज आला. शेवटच्या क्लबनेही नाही म्हटलं होतं. कारण तेच. पुढच्या ओळीत त्याने लिहिलं होतं, आज उशीर होईल, सात गाड्या बाकी आहेत.

संध्याकाळी नवरा लॅपटॉपसमोर बसला होता. मला वाटलं पुन्हा टीम जुळवतोय. जवळ जाऊन बघितलं तर शेवटच्या सामन्यातली ती तिसरी शर्यत होती. थांबव, मागे घे, परत बघ.

"सुरुवात बघ," तो म्हणाला. "इथे अजूनही अर्धी गाडी मागे आहे. हे सुधारता येईल."

"कशासाठी?" मी विचारलं.

त्याने ते मागे घेतलं आणि परत लावलं. तेवढ्यात पुण्याचा फोन वाजला. पेढे मिळाले का, हे विचारायला असणार. मी हात पुसले आणि फोन उचलला.

"मिळाले, अहो आई," मी म्हटलं. "छान होते."