वर्गणी भरून खेळलेला फुटबॉल

मुलगा नोकरीसाठी बंगळुरूला गेला, तेव्हा कर्वेनगरच्या फ्लॅटमध्ये त्याने आम्हा दोघांना आणि टीव्हीखालच्या गेमिंग कन्सोलला मागे ठेवलं. "सवड मिळाली की न्यायला येतो," म्हणाला. ते कन्सोलबद्दल होतं.

दोन महिन्यांनी, सकाळी चहा घेताना, माझ्या कार्डावरून पैसे गेल्याचा मेसेज आला. खडकीच्या दारूगोळा कारखान्यात तपासणी विभागात माझी नोकरी झाली. न तपासता काही पुढे सोडायची सवय नाही. मुलाला फोन लावला.

"बाबा, ते ऑनलाइन खेळायचं सबस्क्रिप्शन आहे. वर्षाचं. तुमचं कार्ड काढायचं राहिलं, त्यामुळे आपोआप रिन्यू झालं."

"यंत्र आपण विकत घेतलं?"

"हो."

"त्यातला फुटबॉलचा खेळ?"

"तोही."

"इंटरनेटचं बिल मी भरतो?"

"हो, बाबा."

"मग हे पैसे कशाचे?"

"दुसऱ्या लोकांबरोबर खेळायचे."

लहानपणी दुसऱ्या लोकांबरोबर मी पुष्कळ खेळलो, पण ते विकता येईल हे कुणाला सुचलं नव्हतं. गणपतीची वर्गणी मागणारे निदान बेल तरी वाजवतात.

कंपनीला फोन केला. पैसे परत मिळणार नाहीत, मात्र वर्षभर मनसोक्त खेळता येईल, असं एका बाईंनी गोड आवाजात सांगितलं. "अहो, मी त्रेसष्ट वर्षांचा आहे," मी म्हणालो. "अभिनंदन, सर," त्या म्हणाल्या.

पैसे गेल्याचं दुःख मला एक दिवस झालं असतं. ते वसूल न झाल्याचं वर्षभर झालं असतं. त्यामुळे दुसऱ्या दिवशी जेवण झाल्यावर मी हेडफोन चढवून बसलो. बायको दारात उभी राहून बघत होती. "अहो, वामकुक्षी?" तिने विचारलं. "ती फुकट आहे," मी म्हणालो, "कधीही घेता येईल."

पहिला आठवडा अपमानात गेला. चार अनोळखी लोक आणि मी असा संघ व्हायचा. माझा खेळाडू गोलकडे न जाता कोपऱ्यातल्या झेंड्याशी जाऊन धावत राही. कानात कोणीतरी हिंदीतून माझ्या आईबद्दल बोले. एकाला मी म्हणालो, "आपण शिकलेले दिसता, मग असं का बोलता?" त्याने ताबडतोब खेळ सोडला. नऊ गोलांनी हरलो, पण तो मला विजय वाटला.

मग एका दुपारी कानात आवाज आला, "काकाजी, पास द्या ना! कुठे पळून राहिले?"

मी दचकून पास दिला. गोल झाला. आयुष्यातला माझा पहिला.

तो अमरावतीकडचा तरुण. इथे एका कंपनीत रात्रपाळी करायचा आणि दुपारी उठून खेळायचा. रोज दोन वाजता आम्ही भेटू लागलो. खेळता खेळता तो खोलीमालकाबद्दल सांगायचा, पुण्याच्या वरणात गूळ घालतात याबद्दल तक्रार करायचा. मी त्याला पीएफचा फॉर्म कसा भरायचा ते सांगितलं. मुलाशी आठवड्यातून पाच मिनिटं बोलणं व्हायचं, त्यात तीन मिनिटं हवामान. याच्याशी रोज तास जाई.

महिनाभराने मी विचारलं, "राहता कुठे आपण?"

"कात्रजला."

म्हणजे सिंहगड रस्त्यावर ट्रॅफिक नसेल तर अर्धा तास. आमचं बोलणं मात्र कुठल्या तरी परदेशी कंपनीच्या दारातून, वर्गणीची पावती दाखवून चाललं होतं. "मग घरी या की," मी म्हणालो. पुणेकराने स्वतःहून बोलावलं म्हणून त्याने पत्ता दोनदा विचारून घेतला.

रविवारी तो आला. हातात डेअरीतून आणलेला श्रीखंडाचा डबा. माझ्या मनात दांडगा गडी होता; हा किडकिडीत, चष्मेवाला, लाजरा निघाला. त्याने मुलाचा दुसरा कंट्रोलर उचलून कन्सोलला जोडला आणि म्हणाला, "काकाजी, एका सोफ्यावर बसून खेळलं तर सबस्क्रिप्शन लागतच नाही."

"लागत नाही?"

"नाही ना. ते दूरच्यासाठी."

पहिल्या दिवशी आम्ही फारसं बोललोच नाही. समोरासमोर दोघांनाही संकोच वाटत होता. शेवटी बायकोने बिनगुळाचं वरण वाढलं, तेव्हा त्याचे डोळे भरून आले. "तिखट लागलं का हो?" तिने विचारलं. त्याने नकारार्थी मान हलवली. "आईची आठवण झाली," म्हणाला. मी त्याला आणखी भात वाढला.

वर्ष संपायच्या आधी मी वर्गणी बंद केली. 'तुम्हाला नक्की जायचंय का?' असं स्क्रीनने तीनदा विचारलं. कारखान्यातून निवृत्त झालो तेव्हा एकदाही कुणी विचारलं नव्हतं.

आता तो दर रविवारी येतो. पोहे, जेवण, दुपारचा चहा, निघताना डबा. परवा बायकोने वाणसामानाची यादी माझ्यापुढे ठेवली आणि सांगितलं, "अहो, ती वर्गणी स्वस्त होती." मी यादी तपासली. तिचं म्हणणं बरोबर होतं. तूप वाढवून मी ती परत दिली.