गाऱ्हाण्यातले पाय

उल्हासदादा गेल्याचा फोन आला तेव्हा मी डिचोलीच्या स्टँडवर बसची वाट बघत होतो. वहिनी एवढंच म्हणाली, "भावजी, सुटले ते." बस आली, माणसं चढली, बस गेली. मी तिथंच उभा. त्याला आता काही आठवडे झाले.

दादा माझा चुलतभाऊ, गोव्यातल्या पाळी गावच्या आमच्या फुटबॉल संघाचा गोलकीपर. भाताची कापणी झाली की मळ्यात बांबूचे गोल उभे राहायचे. पहिल्या सामन्याला पोरं मळ्यात उतरली की मेरेवर, बांधावर, नारळ ठेवून गावातले जाणते विठूमामा राखणदार देवाला गाऱ्हाणं घालायचे, "बा राखणदारा, पोरां खेळूंक देवल्यांत, तांचे हात-पाय सांभाळ." आम्ही "व्हय म्हाराजा" म्हणायचो. खाणी जोरात चालल्या होत्या तेव्हाची गोष्ट. खनिजाच्या ट्रकाखाली दादाचा डावा पाय गेला, गुडघ्याच्या वरपर्यंत.

पुढच्या हंगामात तो कुबडी घेऊन मळ्यात आला. त्याला बघून मामा गाऱ्हाण्यात "तांचे हात सांभाळ" एवढंच म्हणाले आणि पुढे सरकले. कुणी मान वर केली नाही. मागून दादाने राहून गेलेलं दाखवून दिलं, "मामा, पाय रवले मरे. म्हजो एक आसा अजून." पोरं हसली, मामांनी पायही सांभाळायला सांगितले. त्यानंतर दरवर्षी मामा मुद्दाम तिथं थांबायचे आणि दादा आठवण करून द्यायचा. नव्या पोरांना तर तो गाऱ्हाण्याचाच भाग वाटायचा.

त्या पहिल्या हंगामात दादा सामना बघायला आलाय असं सगळ्यांना वाटलं होतं. त्याला गोलात उभं राहायचं होतं. पहिल्या संध्याकाळी पोरांनी हळूच बॉल सरकवले. दादाने एकही अडवला नाही. "म्हाका कीव नाका, बॉल जाय," म्हणाला; त्याला खरा फटका हवा होता. पण जोरात मारायचा कुणाला धीर होईना. मी तेव्हा बीएच्या शेवटच्या वर्षाला नापास होऊन घरी बसलो होतो. आमच्या घरात त्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. बाबा म्हणत होते, पुरे झालं, ट्रकावर क्लीनर म्हणून जा. दादाने मलाच हाक मारली, "तुका तरी खंय काम आसा? मार."

मी मारला. कुबडी एकीकडे, दादा दुसरीकडे, तोंडात लाल माती. उचलायला धावलो तर ओरडला, "हात लावू नको. परत मार." तो आधी पडायला शिकत होता... कुबडी कधी सोडायची, उरलेल्या मांडीवर अंग कसं टाकायचं. रात्री ती मांडी सुजायची, वहिनी शेकून द्यायची आणि रडायची. मी परत परीक्षेला बसलो. त्याच्यामुळे पास झालो असं म्हणणार नाही, अभ्यास मी केला. पण पुस्तक मिटावंसं वाटलं की धुळीतून कुबडीकडे सरपटणारा दादा डोळ्यांपुढे यायचा. पदवी घेऊन गेलो तेव्हा त्याने हात सदऱ्याला पुसले आणि मगच कागद धरला. त्याच हंगामात तो खऱ्या सामन्यात उभा राहिला. आम्ही हरलो. दादाला इतका खूश मी कधी पाहिला नव्हता.

मग काही वर्षांनी साखरेच्या आजाराने गाठलं. उजवं पाऊलही कापावं लागलं. हॉस्पिटलात मी म्हटलं, "दादा, परत शिकूया." त्याने तोंड भिंतीकडे फिरवलं. "ना रे. आता म्हाका जमना." ...आणि मग, "मामांक सांग, आता पाय म्हणपाची गरज ना." मी "सांगतो" म्हटलं.

गेल्या रविवारी मळ्यात गोल उभे राहिले. मामा आता थकलेत, नारळ ठेवायला खाली बसावं लागतं. "पोरां खेळूंक देवल्यांत, तांचे हात सांभाळ..." म्हणाले आणि सवयीने थांबले. पोरं माना खाली घालून उभी. दादाचा निरोप सांगायलाच मी आलो होतो. मामा थांबूनच राहिले.

"मामा, पाय रवले," मी म्हटलं.